सहाव्या डब्यावरचे ठिपके

हरिहर आठल्ये यांना सगळी रत्नागिरी अण्णा म्हणायची, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणायची. दिवाणी कोर्टात शिरस्तेदार, मांडवीच्या वाटेवर जांभ्याचं घर, मागे हापूसची बावीस कलमं, कपाळाला गंध आणि शब्दाला वजन. अशा माणसाला एखादं व्यसन असेल असं कुणाला वाटलं नसतं. पण होतं. अण्णांना सिनेमाच्या जुन्या फिती जमवायचा नाद होता, आणि त्याही फक्त रहस्याच्या चित्रांच्या. देवादिकांची चित्रं, राक्षस, आकाशातून उडणारे ऋषी, यातलं त्यांना काही नको असे. जिथे बंद खोलीत खून पडलाय, हिरा हरवलाय आणि शेवटी कुणीतरी हुशार माणूस बोट रोखून ‘हाच तो’ म्हणतोय, तिथे अण्णांचा जीव अडकलेला.

तेव्हा चित्रं मुकी होती आणि चार गावं फिरून झिजली की कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नसे. अण्णा मुंबईत गिरगावच्या एका वखारीतल्या ओळखीच्या कारकुनाला पत्रं लिहायचे. तो बाद झालेली रिळं पत्र्याच्या डब्यात घालून बोटीने पाठवून द्यायचा. अण्णांपाशी ती दाखवायचं यंत्र नव्हतं. रविवारी दुपारी ते खिडकीशी बसायचे, फीत उजेडाला धरायचे आणि भिंगातून एकेक चौकट बघायचे. एक खून व्हायला त्यांना तीन रविवार लागत. “लोकांच्या पेटीत शालू असतात, आमच्या पेटीत मेलेल्यांच्या सावल्या,” असं त्यांची बायको मालिनी म्हणायची. म्हणायची आणि पेटीला वाळवी लागू नये म्हणून खाली विटाही तीच लावायची.

सत्तावीस साली, दिवाळी होऊन थंडी पडल्यावर, मांडवीच्या वाळूत बाळाशेठचा तंबू लागला. बाळाशेठ हा फिरता सिनेमावाला. त्याच्याकडे यंत्र होतं, बाजाची पेटी वाजवणारा होता, आणि मुख्य म्हणजे केरू होता. केरू सावर्ड्याकडचा कुणब्याचा पोरगा. मुंबईत गिरणीत राहून आलेला, अक्षरशत्रू, पण तोंडाने असा की पडद्याशेजारी उभा राहून तो चित्र सांगायला लागला की लोक पडदा सोडून त्याच्याचकडे बघत. “आता बगा, ह्यो सायेब कपाटात काय बघतोय? त्याच्या बापसानं तरी काय ठेवलान असंल ततं?” पडद्यावरचा साहेब पुण्याचा असो की पॅरिसचा, केरूच्या तोंडी तो सावर्ड्याच्या बाजारात हिंडलेला असे.

तंबूत आगीची भीती, म्हणून रिळांचे डबे अण्णांच्या घरी ठेवायचे ठरलं. कोठीची खोली थंड, मालक प्रतिष्ठित, शिवाय सिनेमाचा दर्दी. बाळाशेठला आणखी काय हवं? केरू रोज संध्याकाळी डबे डोक्यावरून तंबूत न्यायचा आणि खेळ सुटला की परत आणून ठेवायचा. आकडे वाचता येत नसल्यामुळे त्याने स्वतःची खूण काढली होती. ओल्या चुन्यात बोट बुडवून डब्याच्या झाकणावर ठिपके द्यायचे. पहिल्या रिळाला एक, सहाव्याला सहा. लहानपणी कोयतीने त्याच्या उजव्या तर्जनीचं टोक तिरकं उडालेलं होतं. त्यामुळे त्याचा ठिपका कधी गोल उठायचा नाही, काजूच्या बीसारखा वाकडा उठायचा. अण्णांनी हे पहिल्याच दिवशी टिपलं होतं. असलं टिपणं हाच तर त्यांचा छंद.

आणि मग बोटीने ‘दिवाणखान्यातला पडदा’ आलं. सहा रिळांचं, कोरं करकरीत, रहस्याचं चित्र. श्रीमंताच्या घरातून पाचूचा हार जातो, संशय घरच्या नोकरावर येतो, आणि खरा चोर कोण ते सहाव्या रिळापर्यंत कळत नाही. ते आणायला मुंबईला गेलेल्या केरूने बोटीवरच सहाही डबे उघडून, फितीचं टोक उजेडाला धरून बघितले होते आणि मगच ठिपके दिले होते. तेही त्याचं शिस्तीचं काम.

अण्णांनी बाळाशेठला विचारून पाहिलं, खेळ झाले की हे चित्र मला मिळेल का? बाळाशेठ हसला. “अण्णा, कंपनीचा माल. महिन्याने परत जाणार.” तो हसला तिथेच बिनसलं. आजवर अण्णांच्या हाती आलेली सगळी चित्रं दुसऱ्यांची उष्टी होती, ओरखडलेली, मधे तुटलेली, आणि बहुतेकांचा शेवटच गायब. त्या कोऱ्या रिळांचा वास कोठीतून माजघरापर्यंत यायचा आणि अण्णांना जेवण जायचं नाही. लाज वाटावी अशी गोष्ट आहे खरी. पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस, आणि पोराने लाडवाच्या डब्याभोवती घुटमळावं तसा कोठीभोवती घुटमळत होता.

पहिल्या खेळाच्या दिवशी दुपारी केरू समुद्रावर अंघोळीला गेला. मालिनी शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. अण्णांनी सहावा डबा काढला, तो आपल्या पेटीच्या तळाशी घातला आणि आपल्याकडचं एक फुटकळ रीळ, माकडाच्या खेळाचं, तसल्याच डब्यात घालून तिथे ठेवलं. मग पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन त्यांनी झाकणावर सहा ठिपके दिले. नीट, सारख्या अंतरावर आणि गोल.

मनाची समजूत घालायला अण्णा काही कमी शिकलेले नव्हते. मुंबईतच डबा चुकला असं सगळे म्हणतील, कंपनी दुसरं रीळ पाठवेल, कुणाचंच काही बिघडणार नाही, असं ते स्वतःला तीन वेळा म्हणाले. एकदा म्हटल्याने भागलं नाही, यातच काय ते आलं.

त्या संध्याकाळी तंबू खच्चून भरला होता. पाच रिळं केरूने अशी सांगितली की बायका रडल्या. पडद्यावरचा नोकर हात जोडून उभा आणि केरू त्याच्या वतीने सांगतोय, “मालक, मी गरीब हाय, पन चोर नाय.” मग सहावं रीळ लागलं, आणि छत्री घेतलेलं माकड तारेवरून चालत आलं. मग जो गलका झाला त्यात बाकडी मोडली, तंबूची कनात फाटली, आणि दुसऱ्या दिवसापासून तंबूकडे कुणी फिरकेना.

बाळाशेठने विचारलं, डबा मुंबईतच चुकला का? केरूने नुसती मान हलवली असती तरी सुटला असता. पण तो म्हणाला, “नाय. बोटीवर मी सगले बगितलंय. सहावा बरोबर व्हता. हितं आल्यावर बदललाय.” आता इथे म्हणजे कुठे? डबे दोनच जागी होते, अण्णांच्या कोठीत नाहीतर केरूच्या डोक्यावर. अण्णांच्या कोठीचं नाव कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. खरं बोलला म्हणून केरू अडकला.

तोच म्हणाला, “माज्या देवाला इचारा. कौल लावा.” कंपनीच्या कानावर जायच्या आत भानगड मिटावी म्हणून बाळाशेठलाही ते बरं वाटलं. तीन दिवसांनी सगळे सावर्ड्यापलीकडच्या केरूच्या गावी गेले. प्रतिष्ठित साक्षीदार म्हणून अण्णांनाही बोलावणं होतं, आणि अण्णा गेले. न जाण्याचं धैर्यही लागतं.

देवळात गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, केरू निर्दोष असेल तर उजवी दे, दोषी असेल तर डावी दे. समोर तो माकडाचा डबा पुरावा म्हणून ठेवला होता. त्यावर सहा गोल ठिपके. हात लांबवून केरूचं तर्जनीचं टोक नुसतं त्यावर टेकवलं असतं तर कोर्टातल्या शिकाऊ वकिलालाही कळलं असतं की हे ठिपके या बोटाचे नव्हेत. एवढी एकच गोष्ट अण्णांना माहीत होती आणि दुसऱ्या कुणालाच, अगदी केरूलाही, माहीत नव्हती. चित्रातला हुशार माणूस अशाच वेळी उठून उभा राहतो. अण्णा मूग गिळून बसले.

डावी पाकळी पडली.

केरूने देवीकडे बघितलं. मग हळूच दोन्ही हात जोडले, जसे पडद्यावरच्या नोकराने जोडले होते, आणि म्हणाला, “मंग माज्याच हातून काय तरी झालं असंल.” अण्णांना हायसं वाटलं. त्यांना हायसं वाटलं, ही गोष्ट पुढे नऊ वर्षं त्यांना झोंबत राहिली.

बाळाशेठने केरूला काढला आणि तंबू गुंडाळून तो घाटावर गेला तो परत आला नाही. केरू गावी भात लावू लागला. इकडे अण्णांनी सहावं रीळ एकदा, फक्त एकदा, भिंगातून शेवटपर्यंत बघितलं आणि पेटीला कुलूप लावलं. त्यानंतर त्यांना चुन्याची डबी बघवेना, म्हणून त्यांनी पान सोडलं. मालिनीला वाटलं, काही व्रत धरलंय. तिने चारचौघींत सांगितलं, आणि एवढ्या नादी माणसाने एका दिवसात पान सोडलं म्हणून अण्णांचा मान आणखी वाढला. कोर्टात चोरीच्या फिर्यादीवरून कुणी बोलू लागलं की अण्णा दौतीत डोकं घालून बसायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं ते लख्ख पडलेलं असायचं आणि त्यात सगळं दिसायचं.

छत्तीस साल उजाडलं. चित्रं बोलू लागून चार-पाच वर्षं झाली होती. गिरगावच्या कारकुनाचं पत्र आलं, मुकी चित्रं आता वजनावर जातात, बांगड्यावाले नेतात आणि वितळवून कचकड्याच्या बांगड्या करतात. ‘दिवाणखान्यातला पडदा’ची सगळी रिळंही गेल्या महिन्यात गेली. पत्र वाचून अण्णांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हणजे आता जगात याचा शेवट फक्त माझ्यापाशी आहे. आनंद झाला त्यांना. आणि तो आनंद ओळखून त्यांचे कान तापले. घरात कुणी नव्हतं तरी त्यांनी पत्राआड तोंड लपवलं.

त्याच आठवड्यात कोर्टाचा शिपाई सदू, जो सावर्ड्याकडचाच होता, व्हरांड्यात बोलता बोलता म्हणाला, “अण्णानू, तो आमचा केरू सिनेमावाला आठवतो काय? त्याच्या लेकीचं, काशीचं, लगीन मोडलं. दुसऱ्यांदा. सोयरे म्हनतात, देवीनं चोर ठरवलेल्याच्या घरातली पोर नको.”

अण्णा घरी आले. नऊ वर्षांनी पेटीच्या तळाचा डबा काढला. झाकणावर चुना अजून होता, सहा वाकडे ठिपके. आत फीत राहिली नव्हती. कोकणची दमट हवा आणि नऊ पावसाळे यांनी तिचा आंबूस वासाचा तपकिरी गोळा केला होता. ज्याच्यासाठी एका माणसाची अब्रू घेतली ते चमच्याने खरवडावं लागेल असं झालं होतं.

त्यांनी मालिनीला स्वयंपाकघरात उभं राहून सगळं सांगितलं. तिने पोळपाटावरचा हात थांबवला नाही. पोळी तव्यावर टाकली, उलटली, आणि मग विचारलं, “पान सोडलंत ते यासाठी?”

“हो.”

“आणि मी गावभर सांगत हिंडले,” ती म्हणाली. त्यावर ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने डबा फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिला.

केरूचं घर शेताच्या बांधावर होतं. अण्णांना बघून तो लगबगीने उठला, घोंगडी अंथरली, बायकोला हाक मारली. “चिमा, अण्णा आलेत रत्नागिरीसनं! पानी आन.” केस पिकले होते, पण तोंड तेच. अण्णांना बोलायची संधीच मिळेना. केरू सांगत होता की दरवर्षी तो देवीला नारळ देतो, चूक मान्य करतो. “बोटीत कवा तरी डोला लागला असंल, तवाच कुनीतरी डबा बदललान. म्या गाफील ऱ्हायलो. देवी उगाच डावी देल काय?” आणि हसून पुढे म्हणाला, “पोरांना मी अजून सांगतंय ते चित्र. शेवट काय म्हायती नाय, म्हनून मीच लावलाय. नोकरच चोर निघतो, असं सांगतंय.”

“का?” अण्णांनी विचारलं.

“दुसरा कोन असनार, अण्णा? घरातली बाकीची सगली मोटी मानसं.”

अण्णांनी फडकं सोडलं आणि डबा त्याच्यापुढे ठेवला. “केरू, डबा मी बदलला. तू अंघोळीला गेला होतास तेव्हा. हा खरा सहावा. माझ्या पेटीत होता.”

केरूने डबा मांडीवर घेतला. उजवी तर्जनी पहिल्या ठिपक्यावर टेकवली. मग दुसऱ्या, तिसऱ्या. सहाही ठिपक्यांवर ते तुटकं टोक अगदी चपखल बसलं. त्याने बोट उचललं. मग म्हणाला, “आनि त्यो नोकर? त्याचं काय होतं?”

“सुटतो. चोर घरच्या मालकाचा मित्र असतो. सगळ्यांसमोर त्याला धरतात आणि मालक नोकराची माफी मागतो.”

“सगल्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

“मंग चला,” केरू उठला.

देवळापुढे माणसं जमायला वेळ लागला नाही. गावकर आप्पा, म्हणजे गावाचा मानकरी, पायरीवर बसला. अण्णांना त्याने पाट दिला, पण अण्णा बसले नाहीत. उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. डबा, माकड, चुना, गोल ठिपके, कौलाच्या वेळचं गप्प बसणं. एक शब्द गाळला नाही. सांगून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि वाट बघितली. दगड, शिवी, थुंकी, जे येईल त्याची.

आप्पा म्हणाला, “अण्णा, तुमचं मन मोटं. गरिबाच्या पोरीसाठी येवडा आळ अंगावर घेताय.”

“आळ नाही! डबा खरंच मी घेतला. हे ठिपके बघा, ह्याचं बोट बघा.”

त्यांनी बघितलं. केरूने बोट लावून दाखवलं. माणसं पुढे वाकली, कुजबुजली, एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना पटलं, आणि पटल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे सैल झाले. “म्हंजे अण्णांचा नाद व्हता तर!” कुणीतरी म्हणालं. “नादापायी मानूस काय करंल सांगता येत नाय. आमचा म्हातारा नाय कोंबड्यांच्या झुंजीपायी शेत सोडून जायचा?” दोघंतिघं हसले. आप्पाही हसला. गुरव म्हणाला, देवी लहरी, कधी कधी परीक्षा बघते. “काशीच्या लग्नाला आता आडकाटी नाय. मी सोता सोयऱ्यांकडं जातंय,” आप्पा म्हणाला, आणि पुन्हा पाट पुढे सरकवला. “बसा अण्णा, उन्हाचं आलात. शहाळं काडा रं कोनी!”

अण्णा बघतच राहिले. काम झालं होतं. केरू सुटला होता, काशीचं लग्न होणार होतं. पण जी गोष्ट केरूच्या नावावर नऊ वर्षं चोरी होती, ती अण्णांच्या नावावर येताच नाद झाली. भर देवळापुढे आपलं पाप त्यांनी उघडं टाकलं, आणि लोकांनी त्यावर शाल घातली. इतकी लाज त्यांना त्या दिवशी कोठीतही वाटली नव्हती.

“केरू,” ते म्हणाले, “तू तरी म्हण. तुला जे म्हणत होते ते मला म्हण.”

केरूचे ओठ हलले. ज्या तोंडातून साहेबांना, दरोडेखोरांना, राजांना शब्द फुटले होते त्या तोंडाला हा एक दोन अक्षरांचा शब्द रेटेना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुमास कसा म्हनू, अण्णा,” एवढंच म्हणाला.

मागून चिमा पुढे आली. नऊ वर्षं ती पाणवठ्यावर सगळ्यांच्या मागे उभी राहिली होती आणि दोनदा लेकीच्या लग्नाच्या मुंडावळ्या करून परत उकलल्या होत्या. तिच्या हातात अण्णांसाठी सोललेलं शहाळं होतं. ते तिने जमिनीवर ठेवलं.

“चोर हाव तुमी,” ती म्हणाली. ओरडली नाही, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली. “माज्या घोवाला नऊ वर्सं चोर म्हनत व्हते ना, त्यो चोर तुमी.”

आप्पा तिला दटावायला उठला, पण अण्णांनी हाताने त्याला थांबवलं. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

“हो,” ते म्हणाले. “मीच तो.”

मग पाटाला वळसा घालून ते खाली उतरले आणि सर्व्हिस मोटारीच्या वाटेला लागले. डबा त्यांनी केरूपाशीच ठेवला होता. शहाळ्याला हात लावला नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही.